पंचमाचा तानपुरा आणि अपुरा मारवा

सप्रेम नमस्कार,

मी नाशिकची. कॉलेज रोडला राहते, बँकेतून निवृत्त झाले आहे. लग्नानंतर सुटलेलं गाणं पस्तिशीत पुन्हा धरलं आणि पंचवटीत, काळाराम मंदिराजवळच्या एका वाड्यात, गुरुजींकडे नऊ वर्षं शिकले. गुरुजी फार नावाजलेले नव्हते. आकाशवाणीवर गायचे, पिंपळपारावर पाडवा पहाटेला एकदा गायले, बाकी आयुष्य शिकवण्यात गेलं. शेवटच्या काळात त्यांनी स्वतः बांधलेल्या बंदिशी रेकॉर्ड करायला घेतल्या होत्या. "एवढं लोकांच्या हाती दिलं की मी मोकळा," म्हणायचे. मोबाइल समोर ठेवून घरीच गायचे. काम निम्म्यावर असताना गेले.

यंदा गुरुपौर्णिमेला त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या दादांनी, त्यातली आठ रेकॉर्डिंग यूट्यूबवर आणि गाण्यांच्या ॲपवर टाकली. कुठल्याशा स्टुडिओत नेऊन मागे तानपुरा आणि तबला भरून घेतला आहे. क्लासच्या ग्रुपवर लिंक आली. मी मारवा लावला आणि मिनिटभरात बंद केला. तानपुऱ्यात पंचम वाजत होता! गुरुजी मारव्याला निषादाचा तानपुरा लावायचे. आम्ही संध्याकाळी मारवा घोकायचो तेव्हा काळारामाच्या आरतीची घंटा खिडकीतून यायची, तीही कुठे नव्हती. आवाज त्यांचाच होता, पण ते तिथे आहेत असं काही वाटेना.

त्यानंतर पुन्हा लावायची हिंमत झाली नाही. एक गुरुभगिनी म्हणते, ऐकूच नये, अर्धं गाणं चारचौघांत मांडलेलं गुरुजींना खपलं नसतं. एक गुरुबंधू म्हणतात, मिळालं ते प्रसाद म्हणून घ्यावं, नावं ठेवू नयेत. शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये गुरुजी मध्येच थांबून "बंद कर, आज नाही होणार" असं म्हणतात म्हणे, आणि तेही तसंच ठेवलं आहे. त्याच्याखालीच सगळ्यांत जास्त लोकांनी लिहिलं आहे.

मी ऐकावं का? दादांशी बोलावं की तो आगाऊपणा होईल? आणि माझ्याकडे क्लासमधल्या बऱ्याच कॅसेट आहेत, दादा त्या मागताहेत. देऊ का?

– गुरुजींची एक शिष्या, नाशिक

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. ऐका. आठांपैकी सात ऐका. आठव्याबद्दल पुढे बोलते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गुरुजींचा आवाज सहन झाला नाही, असं तुम्ही त्यात कुठेच लिहिलेलं नाही. तुम्हाला पंचम सहन झाला नाही. ही फार मोलाची खूण आहे आणि तुमच्या सगळ्या प्रश्नांचा गुंता तिथूनच सुटतो, म्हणून तिथे जरा थांबते.

गाणं न शिकलेल्या वाचकांसाठी एवढंच सांगायला हवं की मारवा या रागात पंचम, म्हणजे 'प' हा स्वर, नाही. आरोहात नाही, अवरोहात नाही, चुकूनही नाही. कोमल रिषभ (रे) आणि धैवत (ध) हे त्याचे प्राण, आणि षड्जावर, म्हणजे 'सा'वर, गायक मुद्दाम लवकर येत नाही, येता येता टाळतो. सूर्य मावळतीच्या वेळची ती अस्वस्थता सगळी त्या टाळण्यात आहे. म्हणून मारव्याला तानपुऱ्याची पहिली तार निषादात (नि) लावतात, कुणी धैवतात लावतात. तिथे पंचमाची तार अखंड वाजत राहिली की गायकाने कष्टाने दूर ठेवलेला स्वर मागून कानावर पडत राहतो. गुरुजी तिकडे एकेक स्वर तोलून रिषभावर उभे आहेत, आणि इकडे तानपुरा सांगतोय की बसा आता खाली. ॲपमधला तानपुरा चालू केला की बहुतेक वेळा आधी पंचमाचाच येतो. स्टुडिओतल्या कुणी तो बदलला नाही, कारण बदलायचा असतो हे त्याला सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

म्हणजे तुम्हाला जे खुपलं ते अपुरेपण नव्हतंच. अपुऱ्याला पुरं करायला जो हात फिरला, तो खुपला. या दोन गोष्टी तुमची गुरुभगिनी आणि गुरुबंधू दोघंही एकाच टोपलीत टाकताहेत, म्हणून त्यांचं भांडण मिटत नाही.

आधी अपुरेपणाचं बघू. आपल्या गाण्यात पुरं कशाला म्हणायचं? १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जानने पहिल्यांदा ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी गायलं. तीनेक मिनिटांत राग उरकायचा आणि शेवटी आपलं नाव पुकारायचं, एवढीच जागा होती. पुढे कित्येक वर्षं आपल्या थोर गायकांनी त्याच तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल बसवला. आलाप नाही, विस्तार नाही, थेट बंदिश आणि चार ताना. त्या तबकड्यांना आपण अपुऱ्या म्हणत नाही. जीव लावून ऐकतो, त्यांवरून शिकतो. आणि मैफलीतला तासभराचा ख्याल तरी कुठे संपलेला असतो? तोच गायक तोच राग आठ दिवसांनी पुन्हा गातो आणि दुसऱ्याच दारातून आत शिरतो. तेव्हा मोबाइलवर गायलेला, अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, न झालेला मारवा हा काही आपल्या परंपरेबाहेरचा प्रकार नाही.

तुम्ही नाशिकच्या, म्हणून एक आठवण करून देते. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात तुमच्या नाशिकात रामनाम आधार आश्रम काढला. १९३१ साली ते गेले तेव्हा त्यांचा मुलगा, आपले डी. व्ही. पलुस्कर, दहा वर्षांचा होता. वडिलांकडून विद्या पुरती घेण्याआधीच वडील गेले. पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांनी त्यांना घडवलं, आणि १९५५ साली, वयाच्या ३४व्या वर्षी, तेही गेले. ज्या वयात ख्यालाला नुकती खोली येऊ लागते, त्या वयात. त्यांचं अवघं गाणंच काळाने मध्यावर तोडलं. तरी त्यांचा श्री किंवा गौड सारंग लावताना हे अर्धं राहिलेल्या माणसाचं गाणं आहे, असं मनात येतं का? मला तरी त्यांचा स्वर त्या वयातच पुरा झालेला ऐकू येतो.

याच्या उलट गायक भास्करबुवा बखले बघा. १९२२ साली गेले आणि त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्व यांची ध्वनिमुद्रणं आपण ऐकायची, आणि त्यावरून बुवा कसे गात असतील याचा अंदाज बांधायचा. शंभर वर्षं आपण हेच करतो आहोत. बुवांच्या रियाजातली, खोकत खोकत गायलेली, मध्येच तुटलेली पाच मिनिटं आज कुठल्या माळ्यावर सापडली तर ऐकू नका म्हणणारा माणूस मला भेटायचा आहे.

रियाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये एक गोष्ट अशी असते जी मैफलीत कधीच मिळत नाही. मैफलीत गायक सापडलेलं देतो, रियाजात तो शोधत असतो. एकच तान तो चारदा घेतो. पहिल्या तिन्ही वेळा ती तीव्र मध्यमापाशी अडखळते. चौथ्यांदा तो जागा बदलतो, धैवतावरून उलटा उतरतो आणि मोकळा होतो. या चार वेळांमध्ये जे घडतं ते शिष्याला नऊ वर्षं समोर बसूनही दिसतंच असं नाही, कारण शिष्यासमोर गुरू बहुधा चौथी तानच ठेवतो. तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला हे ऐकू येईल, यूट्यूबवरच्या सगळ्यांना येणार नाही. म्हणून तुम्ही तर ऐकायलाच हवं.

आता फिरलेल्या हाताबद्दल. गेलेल्या कलावंताचं काम पुढे नेणं ही काही आजची गोष्ट नाही. पाश्चात्त्य संगीतकार मोत्झार्ट डिसेंबर १७९१ मध्ये गेला तेव्हा त्याचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेची संगीतरचना, अर्धं होतं. ज्यूसमायरने ते पुरं केलं आणि जग आजही तेच ऐकतं, त्यात मोत्झार्ट कुठे संपतो यावर अभ्यासक आजही वाद घालतात. बाख या संगीतकाराची शेवटची फ्यूग, म्हणजे एकच धून अनेक आवाजांत गुंफणारी रचना, तर मध्येच तुटते. काही वादक ती पुरी करून वाजवतात, काही जिथे तुटली तिथेच हात उचलतात आणि सभागृह गप्प बसतं. मला दुसरे वादक जवळचे वाटतात, पण पहिल्यांना मी दोष देणार नाही. ते काय करताहेत ते श्रोत्याला माहीत असतं.

दादांनी केलंय त्याच्या सगळ्यांत जवळ जाणारं उदाहरण बीटल्स या इंग्लिश बँडचं आहे. त्यातल्या जॉन लेननने घरी पियानोवर बसून साध्या कॅसेटवर एक गाणं गुणगुणून ठेवलं होतं. १९८० साली त्याची हत्या झाली. १९९५ च्या सुमारास उरलेल्या तिघांनी ते गाणं पुरं करायला घेतलं आणि सोडून दिलं, कारण पियानोच्या आवाजात गळा बुडाला होता. अखेर २०२३ साली संगणकाने गळा वेगळा काढला आणि 'नाऊ अँड देन' बाहेर आलं. तोवर त्या तिघांतला जॉर्ज हॅरिसनही गेलेला होता, त्याची १९९५ मधली गिटार त्यात घेतली. हे मला पटतं. त्याचं मुख्य कारण असं की ते पुरं करणारे लोक लेननशेजारी बसून वाढलेले होते आणि कुठला आवाज कधीचा, कुठून घेतला, हे त्यांनी जगाला उघड सांगितलं. क्वीन या बँडने तर त्याहून सरळ काम केलं. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये एका गाण्याचं शेवटचं कडवं गायचं ठेवून स्टुडिओतून गेला तो परत आलाच नाही. १९९५ च्या गाण्यांच्या संचात ते कडवं बँडचा गिटारवादक ब्रायन मे स्वतःच्या आवाजात गातो. फ्रेडीची नक्कल करायला तो गेला नाही. त्या जागी आवाज बदलतो आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं.

उलट अमेरिकन गायक मायकेल जॅक्सन गेल्यानंतर २०१० मध्ये आलेल्या संचातल्या तीन गाण्यांत गळा खरोखर त्याचाच आहे का, यावरून रान पेटलं, एक चाहती कोर्टात गेली, आणि २०२२ मध्ये ती तीन गाणी ऑनलाइन ऐकण्याच्या सेवांवरून काढून घेतली गेली. तिथे अपुरेपणाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. काय त्याचं आणि काय दुसऱ्याचं, ते सांगितलं गेलं नाही याची होती.

तुमच्या पंचमाकडे परत येते. तबलाही मागून बसवलाय म्हणता. एकट्याने, ठेक्याशिवाय, मोबाइलसमोर विलंबित, म्हणजे संथ लयीत, गाणारा माणूस मनात बारा मात्रा धरतो खऱ्या, पण भाव आला की मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, लांबवतो, कुठे श्वासासाठी थांबतो. त्याच्याखाली नंतर सरळ लयीचा एकताल, म्हणजे बारा मात्रांचा ताल, अंथरला की सम (तालाची पहिली मात्रा) एकीकडे आणि मुखडा दुसरीकडे. गुरुजींना ओळखणाऱ्याला कळेल की ठेका मागून आलाय. कोल्हापूरचा किंवा इंदूरचा एखादा जाणकार मात्र पहिल्यांदाच ऐकणार आणि म्हणणार, बुवांची समेवर पकड नव्हती. ताई, मला सगळ्यांत जास्त हेच टोचतं. गुरुजींनी न केलेली चूक आता त्यांच्या नावावर लागणार, आणि ते खोडायला स्वतः येऊ शकत नाहीत.

घंटेचंही तसंच. मागचा खरखराट काढायला जे सॉफ्टवेअर वापरतात ते घंटा काढताना स्वराची शेपटीही खातं. स्वर सोडल्यावर जी आस मागे राहते ती बारीक होते, श्वास कापले जातात, आणि माणूस काचेमागून गातोय असं वाटायला लागतं. "ते तिथे आहेत असं काही वाटेना" हे तुम्ही लिहिलंत, ते मला तरी मनाचा खेळ वाटत नाही. ते तुमच्या तयार कानाने ऐकलेलं आहे.

आता आठवं रेकॉर्डिंग.

तुमच्या गुरुभगिनीचं म्हणणं मी सहज उडवून लावणार नाही. कलावंताची इच्छा ही मोठी गोष्ट आहे. सुरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णा देवींनी जाहीर मैफली सोडल्या, आयुष्यभर एकही ध्वनिमुद्रिका काढली नाही. त्यांच्या वादनाचे जे थोडे तुकडे फिरतात, त्यांतले काही सभागृहाबाहेरच्या स्पीकरवरून चोरून टिपले असं सांगतात. ते ऐकताना माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. इंग्लिश गायिका एमी वाइनहाउस गेल्यानंतर तिच्या रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखाने तिच्या गाण्याची कच्ची ध्वनिमुद्रणं नष्ट केली, पुढे कुणाला त्यांवर काही रचता येऊ नये म्हणून, आणि २०१५ मध्ये तसं जाहीर सांगितलं. नष्ट करणं मला मान्य नाही, पण त्यामागची कळकळ समजते.

तुमच्या गुरुजींची इच्छा मात्र आपल्याला शोधावी लागत नाही. "एवढं लोकांच्या हाती दिलं की मी मोकळा" हे त्यांचेच शब्द तुम्ही लिहिले आहेत. या बंदिशी बाहेर याव्यात असं त्यांना वाटत होतं. वेळ मिळाला नाही एवढंच. त्या ऐकण्यात त्यांचा मान मोडत नाही. "बंद कर, आज नाही होणार" हेही त्यांचेच शब्द आहेत, आणि तेही तितकेच स्पष्ट आहेत. त्या दिवशी, त्या गाण्यापुरतं, त्यांनी नाही म्हटलं होतं. थकलेल्या म्हाताऱ्या माणसाचा तो नकार आता लोक पुन्हा पुन्हा लावून हळवे होताहेत. ते वाईट आहेत असं नाही, त्यांना खरंच भरून येत असेल. पण ते ऐकण्यात गाणं काहीच नाही, फक्त एका माणसाचं हरणं आहे, आणि ते त्याने कुणाला दाखवायला ठेवलेलं नव्हतं. म्हणून ते तुम्ही ऐकू नका, आणि ते खाली उतरवावं असं दादांना सांगा. घरात जपून ठेवायला काहीच हरकत नाही.

ऐकायचं कसं, तेही सांगते. आधी दादांकडून मोबाइलमधल्या मूळ फाइली मागा. तानपुरा, तबला, सफाई काही न झालेल्या. त्या मिळेपर्यंत थांबा, पंचमाचा मारवा पुन्हा लावू नका. फाइली आल्या की स्वतःचा तानपुरा निषादात लावून शेजारी ठेवा. गुरुजींची पट्टी, म्हणजे ते सा कुठे धरायचे ते, तुम्हाला पाठ असणार, तिच्याशी ताडून बघा. वेग इकडेतिकडे झाला असेल तर लगेच कळेल. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा स्वर वर, ऐकू येऊ लागला तर गळाच पोरसवदा वाटतो. एका बसणीत एकच राग ऐका. पहिल्यांदा काही लिहू नका. दुसऱ्यांदा वही घ्या आणि बंदिशीचे शब्द, अंतरा असेल तर अंतरा, नसेल तर कुठे सोडला ते उतरवून काढा. या त्यांच्या स्वतःच्या रचना आहेत. त्यांचं नोटेशन दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही, आणि तुमच्या पिढीनंतर ते करू शकणारं कुणी उरणार नाही. रडू आलं तर येऊ द्या, पण वही बंद करू नका.

अंतरा नसेल तर स्वतः बांधू नका, असं काही जण सांगतील. मी तसं म्हणणार नाही. बांधा, क्लासमध्ये गा, पुढे शिकवाही. फक्त दर वेळी सांगा की स्थायी, म्हणजे पहिला भाग, गुरुजींची आणि अंतरा माझा.

दादांशी बोलणं आगाऊपणा नाही. पण बोलायला जाताना एक लक्षात ठेवा. तुम्ही ज्या आवाजात गुरुजी ऐकता त्यात त्यांना वडील ऐकू येतात. त्यांना गाणं येत नसेल तर पंचम त्यांना खुपणारही नाही, त्यांना ऐकू येतं ते एवढंच की बाबा गाताहेत आणि मागे साज आहे, जसा मोठ्या गायकांच्या मागे असतो. स्टुडिओचे पैसे त्यांनी खिशातून घातले असतील. वडिलांचं गाणं नीटनेटकं दिसावं, कुणी हसू नये, म्हणून घातले असतील. त्यांच्या घरी जाऊन "हे चुकलंय" असं पहिलं वाक्य टाकलंत तर दार लागेल आणि मूळ फाइलीही आतच राहतील. आधी आभार माना, मनापासून माना, कारण त्यांनी हे बाहेर काढलं नसतं तर तुम्हाला मिळालं नसतं. ग्रुपवर तर अवाक्षर लिहू नका. समोर बसा, जमलं तर तानपुरा सोबत घेऊन जा. निषाद लावून दाखवा, मग पंचम लावून दाखवा. गाणं न शिकलेल्या माणसालाही दोन्हींतला फरक अंगावर जाणवतो. तुम्हाला समजावून सांगायची वेळही येणार नाही.

मागणं तीन गोष्टींचं करा. पहिलं, मूळ आवृत्ती कुठल्याही साजाशिवाय लोकांना ऐकता यावी. दुसरं, साज भरलेली ठेवायचीच असेल तर तानपुरा बदलावा आणि खाली स्वच्छ लिहावं: गुरुजींनी घरी एकट्याने गायलेलं, अमुक साली, तबला आणि तानपुरा त्यांच्या पश्चात जोडलेला. एवढ्या एका ओळीने समेचा डाग पुसला जाईल. तिसरं, आठवं काढावं. यातलं पहिलं आणि दुसरं दादा बहुतेक लगेच मान्य करतील. तिसऱ्याला वेळ लागेल, कारण सगळ्यांत जास्त लोकांनी तेच ऐकलंय आणि त्यांना वाटतंय की बाबा पोहोचताहेत ते त्यातून. तिथे हट्ट धरू नका. "ते थांब म्हणाले होते ना दादा," एवढंच म्हणा आणि चार-सहा महिने जाऊ द्या. नाहीच ऐकलं तर कायद्याच्या वाटेला जाऊ नका. गायकाच्या सादरीकरणावरचा हक्क आपल्याकडे ५० वर्षं चालतो आणि गायकानंतर त्याची बाजू घरचेच सांभाळणार. शिष्यांच्या हाती त्यात काही नसतं.

तुमच्या कॅसेटनाही हेच लागू. फीत तुमची असली तरी गाणं गुरुजींचं आहे, तेव्हा घरच्यांना न विचारता तुम्ही ते कुठे टाकू नये. पण घरच्यांनीही तुम्हाला न विचारता टाकू नये, कारण क्लासच्या कॅसेटमध्ये गुरुजी एकटे नसतात. तुमचा कच्चा गळा आहे, दुसऱ्या कुणाला बसलेली बोलणी आहेत, कुणाच्या घरच्या अडचणी आहेत. म्हणून मूळ कॅसेट देऊ नका, प्रती द्या, आणि आधी प्रत्येक कॅसेट स्वतः ऐकून त्यातलं गाणं तेवढं वेगळं काढून द्या.

प्रत करायच्या आधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही चिमुकल्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. खिडकीतून आतली फीत बघा. पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट वाजवूच नका, तिच्यामुळे यंत्राचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, आणि पुढच्या कॅसेटही खराब होतात. ती माहितगाराकडे द्या. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडून असल्या की फितीचे वेढे एकमेकांना धरून बसतात. १२० मिनिटांच्या असतील तर जास्त जपून, त्यांची फीत पातळ असते आणि ओढली की ताणते. कॅसेट थेट मोबाइलमध्ये उतरवून देणारी स्वस्त यंत्रं मिळतात, ती टाळा. चांगल्या अवस्थेतला जुना कॅसेट डेक कुणाकडे असेल तर त्यावर, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, संगणकात वेव्ह फाइल करून घ्या, २४ बिट आणि जमलं तर ९६ किलोहर्ट्झला. एमपीथ्री वाटायला ठीक आहे, जपून ठेवायला नाही. पहिल्या प्रतीवर कुठलीही सफाई करू देऊ नका. खरखर, पंखा, कुकरची शिट्टी, घंटा, सगळं राहू दे. साफ करायचं असेल ते दुसऱ्या प्रतीवर.

प्रत्येक फाइलच्या नावात राग, साल आणि पट्टी घाला. साल आठवत नसेल तर त्या वेळी क्लासमध्ये कोण कोण होतं ते लिहून ठेवा, गुरुबंधूंना विचारून तारीख लागते. एक संच तुमच्याकडे, एक दादांकडे आणि एक तुमच्या त्या गुरुभगिनीकडे असू द्या. ऐकूच नये म्हणणाऱ्या बाईच्या हाती तो सगळ्यांत सुरक्षित राहील, आणि तिच्याशी बोलणं चालू राहायला ते एक निमित्तही होईल.